दोन डोळ्यांच्या टिपऱ्या

आमच्या गावच्या बालवाडीच्या वार्षिक कार्यक्रमात जो शेणाचा वास सुटला, तो माझ्यामुळे सुटला. माणसाच्या हातून मोठी चूक झाली की आपल्याकडे ‘शेण खाल्लं’ म्हणतात. ते मी खाल्लंच. पण मी सांगतोय ते खरोखरचं शेण होतं, आमच्याच गाईचं, पाण्यात कालवलेलं.

शहाण्णव साल होतं. मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात स्लिपबॉय होतो. वय तेहतीस, टाळूवरचे केस निरोप घ्यायला लागलेले, दोन लेकरांचा बाप आणि हुद्दा बॉय. काम असं, की गावोगाव सायकल हाणायची, कुणाच्या उसाची लागण कधीची आणि जात कुठली हे लिहून घ्यायचं आणि तोडीची वेळ आली की चिठ्ठी द्यायची. त्यामुळे आमच्या भागात, म्हणजे बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळीच्या पुढं, कागद दिसला की लोकांना मी आठवायचो. लग्नपत्रिका, कोर्टाची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, काहीही आलं तरी “बापूरावाला दावा” असं ठरलेलं. मी वाचायचो. आणि नुसतं वाचून थांबायचो नाही, अर्थही सांगायचो. सगळा घोटाळा या अर्थ सांगण्यात आहे.

माझी थोरली मुलगी मनी तेव्हा पाच वर्षांची होती आणि समाजमंदिराच्या खोलीतल्या बालवाडीत जायची. शिकवायला नीलाबाई होत्या. माहेर पुण्याचं, नवरा बारामतीत नोकरीला, सकाळच्या एसटीनं यायच्या. होळी झाली आणि बाईंनी ‘वसंत ऋतू’ शिकवायला घेतला. पोरांना लिंबाखाली नेऊन मोहर दाखवला, पिंपळाची तांबूस पालवी हातात दिली, ओल्या फडक्यात मटकी बांधून तिला मोड आणले. (मोड आल्यावर पोरांनी ती मटकी खाऊन टाकली. पुढच्या प्रकाराची ही पूर्वसूचना होती, पण ती मला वाचता आली नाही, कारण ती कागदावर नव्हती.)

मनी वर्षभर बालवाडीत एक शब्द बोलली नव्हती. तिची हजेरीसुद्धा शेजारच्या तात्यांचा नातू बाळ्या द्यायचा. अशा मुलीबद्दल होळीच्या आधीच एक दिवस बाईंनी माझ्या बायकोला, सुनंदाला, सांगितलं, की वर्षअखेरच्या नाचात मनी पुढच्या जोडीत आहे, तिचा ठेका सगळ्यांत पक्का आहे. सुनंदानं हे मला सांगितलं. मी रजिस्टर भरत होतो, “हं” म्हणालो. त्यानंतर महिनाभर मनी एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात ताक घुसळायची रवी घेऊन घरभर टकटक करत फिरत होती. मी म्हणायचो, “मने, ठेव ते लाटणं, बेरीज चुकतीय माझी.” ती ठेवायची आणि गोठ्यात जाऊन गाईसमोर वाजवायची. कशासाठी वाजवतीस, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. गाईनंही विचारलं नाही, पण ती निदान ऐकत तरी होती.

मग चिठ्ठी आली. बाईंनी कार्बन घालून बावीस पोरांच्या घरी बावीस चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. त्यातल्या तेरा-चौदा संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर आल्या. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं :

“रविवारी वर्षअखेरचा कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलासोबत दोन टिपऱ्या पाठवाव्यात. टिपऱ्या एकसारख्या असाव्यात. रंगवलेल्या असल्यास उत्तम.”

तात्या म्हणाले, “टिपऱ्या? बालवाडीत उसाची लागण करत्यात का काय?”

आता आमच्या भागात टिपरी म्हणजे लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा. त्यावर कोंब फुटायची जागा असते तिला डोळा म्हणतात. ही गोष्ट इथलं रांगतं मूलही सांगेल. मी तर त्याच खात्यातला माणूस.

“निसर्गशिक्षण हाय, तात्या,” मी म्हणालो. “वसंत ऋतू चालू हाय. आधी मोहर झाला, मग मटकी झाली, आता ऊस. एकसारख्या म्हणजे समद्या दोन डोळ्यांच्या.”

“आन् रंगवलेल्या?”

इथं मी क्षणभर अडलो. पण ज्याला अर्थ सांगायची सवय आहे तो फार वेळ अडत नाही. “बेणं औषधात बुडवलं की रंग चढतो का न्हाय? तेच. पण लेकरांच्या हातात औषध द्यायला नको. आपण शेणकाल्यात बुडवू.”

“बाई पुण्याची असून लई माहिती हाय की तिला,” तात्या म्हणाले. ओट्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

सुनंदा दारात उभी होती. तिचं माहेर वालचंदनगरचं, वडील कारखान्यात फिटर, बालपण क्वार्टर्समध्ये गेलेलं. ती म्हणाली, “अहो, टिपऱ्या म्हणजे नाचायच्या असतील. लाकडाच्या. आमच्या शाळेत गॅदरिंगला...”

“तू कॉलनीतली,” मी म्हणालो. “तुला उसातलं काय कळतंय?”

तिनं आणखी दोनदा सांगून बघितलं. एकदा जेवताना आणि एकदा मी तात्यांच्या रानाकडे निघालो तेव्हा. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, “चिठ्ठी वाचून माझी हयात गेली.” ती गप्प झाली. सुनंदा गप्प झाली की काळजी करावी, हे मला लग्नाला सात वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं.

शनिवारी तात्यांच्या रानातला कोवळा, रसरशीत ऊस काढला. शेंड्याकडचं वाढं आणि बुडाकडचा बुडखा टाकून दिला आणि मधल्या भागाच्या चव्वेचाळीस टिपऱ्या मी स्वतः तोडल्या, एकही डोळा दुखावू न देता. मग पाटीत शेण कालवून त्या बुडवल्या आणि गोणपाटाखाली ठेवल्या. मनी शेजारी बसून बघत होती. तिनं दोन टिपऱ्या उचलून एकमेकींवर मारल्या.

“पप्पा,” ती म्हणाली, “ह्या वाजत न्हायत.”

“वाजतील, बाळा,” मी म्हणालो, “आधी उगवू तर देत.”

रविवारी दहा वाजता समाजमंदिरापुढं मांडव, पताका, टेपरेकॉर्डर, सगळं सज्ज होतं. पाहुणे म्हणून आमच्या खात्याच्या साहेबांना मीच आग्रह करून आणलं होतं. ते पांढऱ्या सफारीत पहिल्या खुर्चीवर बसले होते. सगळं गाव लोटलेलं. बावीस पोरं रांगेत उभी, मुलींच्या केसांत अबोली, आणि प्रत्येकाच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला ऐवज.

बाईंनी बाळ्याचं फडकं सोडलं. आतली एक टिपरी दोन बोटांत धरून वर उचलली.

“हे काय आहे?”

“टिपऱ्या,” बाळ्या म्हणाला.

“कुणी दिल्या तुला?”

“बापूकाकांनी. दोन डोळ्याच्या हायती.”

बाई डोळे शोधायला लागल्या. त्यांना अडचण दिसतेय म्हणून मी पुढं झालो. “बाई, बेणं एक नंबर आहे. फक्त लावताना डोळा बाजूला येईल असं बघा, खाली गेला तर उशिरा उगवतं.”

“लावताना?” बाई म्हणाल्या. “अहो, या नाचायच्या असतात.”

“कुणी?” मी विचारलं.

मागून कुणीतरी हसलं. साहेब खुर्चीतून पुढं वाकले आणि म्हणाले, “बापूराव, मार्चअखेरीला लागण?” चिठ्ठीचा अर्थ चुकला तो चुकलाच, वर हंगामही चुकला.

टेप मात्र तोवर सुरू झाली होती. ती लावणाऱ्याला खूण केल्याशिवाय थांबायचं नाही असं सांगितलेलं, आणि खूण करायचं बाईंना सुचेना. पोरं शिस्तीची. गाणं वाजलं तशी त्यांनी फडकी सोडली, गिरकी घेतली आणि चव्वेचाळीस टिपऱ्या एकदम एकमेकींवर आपटल्या. टकटक असा आवाज यायला हवा होता. ‘थप्प’ असा आला. दुसऱ्या ठेक्याला शेणकाला उडाला, तिसऱ्याला मी जपलेले डोळे पटापट निखळून पडले. साहेबांच्या सफारीवर छातीपाशी चार हिरवट ठिपके आले. मागच्या रांगेतल्या एकानं टिपरी फडक्यानं पुसली आणि दातानं सोलायला घेतली. ते बघून आणखी पाच जण नाच सोडून खाली बसले. बाई “थू कर, थू कर” म्हणत एकेकाच्या तोंडातून ऊस काढत होत्या.

साहेबांनी रुमाल काढला आणि शांतपणे विचारलं, “हे बेणं कुणाचं?”

आमच्याकडे बेणं म्हणजे लागणीचा ऊस, आणि अंगात नको ते गुण असलेला माणूसही बेणंच. तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. कुठल्या अर्थानं केलं, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

मला याचंही काही वाटलं नसतं. पण पुढच्या जोडीत मनी उभी होती. ती नाचतही नव्हती आणि ऊसही खात नव्हती. टिपऱ्या तिनं जमिनीवर नीट शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत अशा. आणि मग वर्षभरात पहिल्यांदा ती बालवाडीत बोलली. बाईंना म्हणाली, “बाई, पप्पांना रागवू नका. त्यांना वाचता येतंय, पण...”

मला फार वाईट वाटलं. लेकीचा महिनाभराचा ठेका मी शेणात बुडवला होता, आणि ती माझीच बाजू सांभाळत होती.

तेवढ्यात बायकांतून सुनंदा उठली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं त्यातून आमचं लाटणं आणि रवी काढली आणि मनीच्या हातात दिली. मग बायकांकडे वळून म्हणाली, “बघताय काय? घरं का लांब हायती?”

भाकरीच्या गावात लाटणं घरटी एकच असतं, तेही सणाला निघणारं. पण पाच-सात मिनिटांत बायका पळत आल्या आणि ज्याच्या घरी जे होतं ते आलं. लाटणी आली, रव्या आल्या, उलथनी, पळ्या, भाजी हाटायचा डाव, तात्यांच्या घरचा तर खलबत्त्याचा दस्ता आला. पोरांचे हात बादलीत धुतले, टेप मागं फिरवली आणि नाच पुन्हा सुरू झाला. लाकूड, लोखंड आणि पितळ यांचा मिळून जो आवाज झाला, तो कुठल्याही टिपरीनं आजवर काढला नसेल. पण त्या सगळ्या गोंगाटात एक ठेका सरळ चालला होता, टकटक टक, टकटक टक, आणि बाकीची एकवीस पोरं त्याच्या मागून जात होती. साहेबांनीसुद्धा डाग विसरून मांडीवर ताल धरला. मी एका बाजूला उभा राहून पाटीत शेणाच्या टिपऱ्या गोळा करत होतो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आणि असता तरी तो शेणाचा होता.

घरी जाताना मी सुनंदाला म्हणालो, “तुला माहीत होतं तर सांगायचं तरी.”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तीनदा.”

टिपऱ्या वाया घालवायला नको म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या पोरांकडूनच समाजमंदिरामागं लावून घेतल्या. हंगाम नसताना, निम्मे डोळे गेलेले असताना, त्यातल्या काही उगवल्या. मी रजिस्टरला नोंद केली नाही.

पुढच्या वर्षी मनी पहिलीत गेली. बालवाडीत तात्यांची नात जायला लागली, आणि होळी झाल्यावर बाईंची चिठ्ठी आली. तात्या ती घेऊन ओट्यापाशी आले. मी चष्मा पुसला आणि हात पुढं केला. तात्यांनी चिठ्ठी खिशात घातली.

“ऱ्हाऊ द्या, बापूराव,” ते म्हणाले. “वैनी हायत्या का घरात?”

“माहेरी गेलीय,” मी म्हणालो. “सोमवारी येईल.”

“मग सोमवारीच येतो.”