डोंगरापलीकडचं कॉलेज आणि एक अभद्र प्रश्न

इकडे परदेशात, गिरावीनच्या आमच्या भजनी मंडळात आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आतच नीताताईंनी विचारलं, "सानिका छोट्या कॉलेजाकडे बघतेय म्हणे? मार्क कमी पडणारेत का गं?" त्यांचा रोहन शहरातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीतून शिकलेला, त्यामुळे त्यांना विचारायचा हक्कच!

माझी सानिका बारावीला आहे, तिला डॉक्टर व्हायचंय. इथे त्यासाठी बरीच मुलं आधी सायन्सची डिग्री करतात, मग परीक्षा, मुलाखत आणि मग मेडिकल. ती डिग्री कुठे करायची, हे महिनाअखेरीला कळवायचं होतं. मी ह्यांना म्हटलं, "लोकांनी ठरवण्याआधी आपण दोन्ही बघून येऊ."

शनिवारी मोठी युनिव्हर्सिटी; मुलांना-पालकांना माहिती द्यायचा त्यांचा ओपन डे होता. जाणार असाल तर ट्रेनने जा, पार्किंगवाले लुटतात. डबा न्याच. तिथे सँडविच सोळा डॉलरला, आणि आत नुसती काकडी! इमारती मात्र देखण्या, खोटं कशाला बोलू. त्या दगडी कमानीखाली मलाच पुन्हा शाळेत जावंसं वाटलं.

पण मेडिकल सायन्सच्या टेबलाशी पोचलो, तर तिथल्या मुलाने आमचे चेहरे पाहिले आणि हात दाखवला, "इंटरनॅशनल? दॅट हॉल. नो वरीज!" अरे, मुलगी इथल्या शाळेत शिकली, इथली सिटिझन आहे! "लीव्ह इट, आई," सानिका पुटपुटली. हे म्हणाले, "चल, तिथे हीटर तरी असेल."

त्या हॉलमध्ये आपल्याकडून नुकतीच आलेली मुलं खच्चून भरलेली. प्रत्येकाच्या हातात चकचकीत पुस्तक, वर पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी. मी टेबलावरच्या बाईंना विचारलं, "या डिग्रीतल्या किती जणांना पुढे मेडिकल मिळतं?"

"इट्स अ ग्रेट पाथवे!"

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पाथवे म्हणजे वाट, एवढं माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीतही बसतं. वाटेच्या टोकाचं दार केवढं आहे ते सांगा की!

रविवारी पहाटे देवाला दिवा लावून गाडीने निघालो. वाटेत डोंगरावरच्या कटुंबा गावी थांबून थर्मासमधला चहा आणि मेथीचे ठेपले. दरीचा देखावा फुकट. घाट उतरला की शेतांवर पांढरं दहिवर आणि मेंढ्या. पेट्रोल घाटाआधीच भरा, पुढे महाग आहे.

छोट्या कॉलेजात चार-पाचच कुटुंबं. स्वेटर घातलेल्या वयस्क प्राध्यापिकाबाईंनी सानिकाला सरळ मायक्रोस्कोपपाशी बसवलं. गप्पा छान चालल्या होत्या आणि एकदम म्हणाल्या, "अँड इफ यू डोन्ट गेट इनटू मेडिसिन?"

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात बाहेर पडतानासुद्धा 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि या बाई ॲडमिशनच्या आधीच नाट लावतायत! मी बोललेच, "प्लीज, असं बोलू नका. आमच्यात चालत नाही."

बाई रागावल्या नाहीत. सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "पुष्कळांना नाही मिळत. मी आत्ता सांगितलेलं बरं."

आणि सानिका म्हणाली, "आय'ड वर्क इन अ लॅब. रक्ताच्या तपासण्या वगैरे. आय'ड स्टिल लाइक इट, आई."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. अभद्र नको म्हणून घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं.

येताना गाडीत वाद झाला. हे म्हणत होते, "नावाला किंमत असते." असेल! पण एवढ्या पोरांना पांढऱ्या कोटाचा फोटो दाखवायचा आणि एका आईच्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, हे कसलं नाव? छोट्या गावात थंडी आहे, देऊळ नाही, पोरगी लांब राहणार; सगळं मान्य. तरी सानिकाने पहिली पसंती तिथलीच लिहिली, आणि मी अडवलं नाही.

पुढच्या भजनाला नीताताईंनी पुन्हा छेडलं, "मग, डॉक्टर होणार ना नक्की?"

देवासमोर उभी राहून मी म्हटलं, "नाही झाली तर लॅबमध्ये काम करेल."

टाळ गोळा करणाऱ्या बायका थबकल्या. "शुभ बोल गं," कुणीतरी म्हणालं. चपला घालताना दाराशी नीताताईंनी माझा दंड धरला. "रोहनला दोनदा नाही मिळालं गं मेडिकल. फार्मसीच्या काउंटरवर उभा असतो. कुणाला सांगितलं नाही मी."

मी त्यांचा हात घट्ट धरला. पण रागही आला. "अहो नीताताई," मी म्हटलं, "आणि मला मार्क विचारत होतात!"