भिंतीतली खाडी

मी लांज्याकडचा, आतल्या गावचा. बायको खाडीकाठची. पाणी उतरलं की चिखलातून मुळे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, उकरून काढण्यात तिचं सगळं लहानपण गेलेलं. रत्नागिरीत घर बांधायला काढलं तेव्हा तिने हट्टच धरला, गिलाव्याला वाळू माझ्या माहेरचीच हवी. वाळू आली. खारी आहे, धुऊन घेऊ, असं गवंडी म्हणत होता. पण आमच्या वाळूला काय धुवायचं म्हणून हिने त्याला गप्प केलं. दुसऱ्याच पावसात भिंतींना लोणा लागला. तेव्हापासून दर गणपतीआधी पोपडे खरवडून घ्यायचे आणि मी तिच्या माहेराचा उद्धार करायचा, हा आमच्या घरचा कुळाचार.

यंदा वैशाखात ती मागल्या पडवीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. पण ही उभी राहील तर शपथ. दोन पावलं टाक म्हटलं की भिंतीकडे तोंड करून निजायची. एकदा त्या बाईंनी मला अंगणात नेऊन सांगितलं, आता नाही उठल्या तर पुढे उठणं कठीण आहे. रागावून झालं, विनवून झालं, पोरीला मुंबईहून बोलावून झालं. मेल्या पायांचं आता काय खरं नाही, एवढंच ती म्हणायची.

श्रावण लागला. भिंत किती फुगलीय ते रंगाऱ्याला कळावं म्हणून तिच्या खाटेशेजारचा एक फोटो मोबाइलवर काढला. धाडायच्या आधी बोटांनी मोठा करून बघितला आणि बघतच राहिलो. पोपडा उडाला होता तिथे तिळाएवढा एक शंख बसला होता. सगळे वळसे शाबूत, वर तांबूस रेघा, त्याही अगदी मोजून मारल्यासारख्या. अहो, घमेल्यात कालवलेला, थापीखाली दाबलेला, वर डिस्टेंपरचे किती हात बसलेले, आणि तरी एका वळशाला धक्का नाही! माझ्या अंगावर काटाच आला. मी फोन तिच्यापुढे धरला. ती भिंतीकडे वळली तेव्हा तिचं बोट तो शंख शोधत होतं.

मग मला नादच लागला. फोनला लावायचं एक स्वस्तातलं भिंग आणलं. बॅटरी बाजूने तिरकी मारली की बारीकशी शिंपलीही उठून दिसते, हे हळूहळू कळलं. न्हाणीत सापडले, जिन्याच्या कठड्यात सापडले, तुळशीच्या कट्ट्यात तर मूठभर. शेजारीपाजारी म्हणू लागले, ह्याला म्हातारचळ लागला. एकदा गावी गेलो होतो. आमच्या गावातून कुठल्याही डोंगरावर चढा, समुद्र दिसायचा नाही. तिथल्या एसटीच्या शेडमध्ये बाकामागच्या भिंतीत नखाएवढी शिंपली निघाली. आतून मोरपिशी. गाडीची वाट बघत जन्मभर ह्या भिंतीला पाठ टेकली आणि पाठीशी हे! मला खरंच हात जोडावेसे वाटले. जोडलेही, आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून.

रोज संध्याकाळी तिला फोटो दाखवायचो. आधी नुसती हूं म्हणायची. पुढे म्हणू लागली, हा धुरकट आलाय, परत काढा.

परवा सकाळी चहा घेऊन खोलीत गेलो, तर खाट रिकामी. ती वॉकर धरून उभी होती. एक हात भिंतीवर, गाल जवळजवळ भिंतीला लागलेला. मी कप तिथेच खिडकीत ठेवला. बोलायला धीर होईना, बोललो आणि ती बसली तर?

"तुमचे फोटो सगळे खालचे," ती म्हणाली. "वर कुणी बघितलंच नाही."

मग विचारलं, आज तिथी कुठची. मी कॅलेंडर बघून सांगितलं, तृतीया. तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. तिथीवरून पाण्याची वेळ काढायची रीत तिकडच्या बायकांना आयांकडून येते. आजची ओहोटी हुकली, म्हणाली, उद्या नऊला पाणी उतरेल, रिक्षा सांगून ठेवा.

मी उगाच चिडवलं, उद्या संकष्टी आहे, उपासाच्या दिवशी मुळे खाणार होय?

"खायला कोण जातंय?" ती भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "जन्मभर नुसते उकडले हो. एकदा नीट बघू दे."