पाइप धरणारा

लातूर जिल्हा नवाच झाला होता. अहमदपुरातल्या कचेऱ्यांच्या पाट्यांवर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं, पण नव्या जिल्ह्याला शाळकरी पोरांची फुटबॉल टीम मात्र लगेच हवी होती. आमच्या शाळेतून एकच पोरगा जाणार होता. शेवटी उरलो दोघं, मी आणि माझा शेजारी.

बॉल माझं ऐकायचा. त्या दुष्काळात गल्लीभर रिकाम्या घागरी मांडलेल्या असत आणि मी त्यांच्यामधून बॉल काढायला शिकलो. घागरीला बॉल लागला की कुणातरी मावशीचा धपाटा पाठीत बसे. शेजाऱ्याची तालीम वेगळी. टँकर कुठं थांबेल याचा नेम नसे. हॉर्न वाजला की पळत जाऊन टँकरचा पाइप धरायचा, पाइप ज्याच्या हातात त्याचा पहिला नंबर. आमच्या दोन्ही घरांसाठी पाइप तोच धरी. माझ्या आधी तो पोचणार हे ठरलेलंच, म्हणून मी पळणंच सोडलं होतं.

निवडीला लातूरहून सर आले. पहिल्या पाच मिनिटांतच शेजाऱ्याचं पळणं बघून म्हणाले, "पायातलं कसब शिकवता येतं, पळणं आईच्या पोटातनंच यावं लागतं." ऐकून माझं डोकं फिरलं. त्या दिवशी शेजारी मला नकोसा झाला होता, खोटं कशाला बोलू.

सरांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं, दोघांना गोल एकच आणि त्यात एक गोलकीपर. आधी पाच गोल करील तो लातूरला. मैदान भेगाळलेलं, बॉल कुठं उडेल सांगता येत नव्हतं. मी हुलकावणी द्यायचो, तो मागून येऊन गाठायचा. चार-चार झाले. माझा घसा इतका कोरडा पडला होता की थुंकीही गिळवेना. मग बॉल भेगेत अडला, माझ्या पायातून सुटला, आणि तो बॉल घेऊन निघाला. समोर फक्त गोलकीपर. मी मागे पडलो आणि मला कळलं, संपलं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

तो थबकला. एकदा माझ्याकडे बघितलं आणि बॉल तिथंच सोडून रस्त्याकडे सुटला. गोलकीपरही तिकडंच बघत राहिला. मी बॉल आत ढकलला.

सरांना तो कुठल्याही ट्रकचा हॉर्न वाटला. "का पळाला रे तो?"

उत्तर जिभेवर होतं. आमच्याही घरचं पाणी होतं ते.

"ठाव न्हाई सर."

"मैदान सोडून पळणारा काय कामाचा?" सरांनी त्याच्या नावावर काट मारली, माझं लिहिलं आणि पाचच्या एसटीनं लातूरला निघून गेले.

घरी आलो तर आमच्या दारात दोन भरलेल्या घागरी होत्या. तो कोपरापर्यंत भिजलेला, पायरीवर बसून माझीच वाट बघत होता.

"गोल केलास?"

"केला."

"बरं झालं. म्या का पळालो ते सांगितलंस न्हवं सरांना?"

"हाव."

"मग उद्या बोलवतील मला परत," तो म्हणाला, आणि एक घागर उचलून माझ्या हातात दिली.