बाईंनी मोजलेली सात माणसं

सोलापूरची रजा संपवून मी वझिरिस्तानात परतलो, तेव्हा आमच्या कंपनीत एक बाई येऊन राहिली होती. नाव मिस हार्ले. विलायतेतल्या एका वर्तमानपत्रासाठी ती लढाईचे फोटो काढायची. अंगात खाकी शर्ट, गळ्यात छोटा जर्मन कॅमेरा. आघाडीवर बाई कशाला, असं आम्ही आपसात म्हणत होतो. मीही म्हणालो होतो.

मी तेव्हा नाईक होतो. काम रोड प्रोटेक्शनचं. पहाटे टेकड्यांवर पिकेट, म्हणजे पहाऱ्याची तुकडी, चढवायची, खालून लॉरी जाऊ द्यायच्या आणि लाल निशाण दिसलं की धावत उतरायचं. धोका उतरतानाच असे. आम्ही टेकडी सोडली की तिथले पठाण टोळीवाले वर येत आणि आमच्या पाठीवर गोळ्या झाडत.

त्या दिवशी पिकेटवर माझ्यासह आठ जण होते. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी निशाण दिसलं. अर्ध्या उतारावर फायरिंग सुरू झालं. जो तो सापडेल त्या वाटेनं खाली आला. मी शेवटचा.

कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "सगळे आले?"

सांगोल्याचा शिपाई बाबू दिसत नव्हता. कोणीतरी म्हणालं, तो पुढच्या लॉरीत चढला. मी खात्री केली नाही. "आले, साहेब," म्हणालो.

मिस हार्ले रस्त्याकडेच्या दगडामागून उठून आली. "सात आया. आठ नहीं," ती मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली. निशाण दिसताच तिनं नवा रोल लावला होता आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा एकेक फोटो घेतला होता. कॅमेऱ्याच्या फोटो मोजणाऱ्या चकतीवर सातचा आकडा होता.

साहेबांनी लॉरी थांबवल्या. पुढून निरोप आला, बाबू नाही. त्या मुलखात मागं राहिलेला माणूस जिवंत परत मिळत नसे.

आमचे हवालदार दत्तू काशीद बार्शीचे. त्यांनी बंदूक उचलली. फक्त म्हणाले, "महादू, चल."

मशीनगनच्या माऱ्याच्या आडोशानं आम्ही दोघं वर गेलो. बाबू पाय मोडून घळीत पडला होता.

"पाय हाय का रं?" हवालदारांनी विचारलं.

"हाय, पण चालंना."

"आमचं चालतंय की. धर गळ्याला."

आळीपाळीनं त्याला पाठीवर घेतलं. रस्ता शंभर पावलांवर आला तेव्हा हवालदारांच्या छातीत गोळी लागली. बाबू त्या वेळी माझ्या पाठीवर होता. खालून चार जण धावत आले आणि दोघांनाही उतरवलं. तीन पन्नासला डॉक्टरांनी हवालदारांच्या तोंडावर कांबळं ओढलं. मिस हार्लेनं त्यांचा फोटो काढला नाही. ती बाबूला पाणी पाजत होती.

बाबूला फौजेतून पेन्शन मिळाली. काही महिन्यांनी, नीट न जुळलेलं पायाचं हाड पुन्हा बसवायला तो सोलापूरच्या इस्पितळात होता. मीही तेव्हा पुन्हा रजेवर होतो. मद्रासला जाणारी मिस हार्ले मेलमधून मुद्दाम सोलापुरात उतरली.

"बाई, तुमी मोजलं म्हनून मी हितं हाय," बाबू म्हणाला. मी ते हिंदुस्थानीत सांगितलं.

"चल सकता?" तिनं विचारलं.

बाबू काठी टेकत दारापर्यंत जाऊन आला. ती खाटेवर बसली आणि बराच वेळ नुसती हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी बार्शीला गेलो. हवालदारांच्या वडिलांना सगळं खरं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते जमिनीकडं बघत ऐकत होते.

"ज्याला आनाया गेला, त्यो वाचला का?"

"व्हय. चालतोय आता."

"मग त्याला घिऊन या एकदा. आमाला बघू द्या."

पंधरा दिवसांनी बाबूला घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं त्याला शेजारी जेवायला बसवलं, पायाची चौकशी केली आणि मग आपल्या दत्तूच्या गोष्टी सांगितल्या. तो विहिरीत पोहायला कसा शिकला, फौजेत जाताना घरी कसा खोटं बोलला. सांगताना ते दोनदा हसले. मी त्या टेकडीनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवलो.