मुख्यमंत्र्यांना मारणारी माझी सासू

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासू माझ्यावर एकदाही ओरडली नव्हती. हसू नका. शेजारची ममता सकाळ-संध्याकाळ सासूची बोलणी खाऊन कशी ठणठणीत आहे, आणि मला हाक मारायची तर माझी सासू ताटलीवर चमचा वाजवायची. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की चहा, तीनदा म्हणजे भाजीत मीठ जास्त. बाकी सगळं कुजबुजत. माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, "नशीब काढलंस, चेतना." डोंबलाचं नशीब! या घरात आपण आहोत की नाही, हेच मला कळायचं नाही.

आणि याच कमलबाईंच्या आवाजाचे किस्से आमचं अख्खं कोरीट गाव सांगायचं. त्यांनी ओसरीवरून हाक मारली की सासरे शेतातून निघायचे, त्यांच्याबरोबर शेजारच्या शेतातला लोटनही निघायचा. हळदीची गाणी त्या म्हणणार असतील तर मंडपवाला भोंगा आणायचाच नाही. मी हे नुसतं ऐकलं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो आवाज बंद झाला, तोही एका मालिकेपायी.

मालिकेचं नाव 'बिनखात्याचा मंत्री'. तिच्यात अमृतराव नावाचे मुख्यमंत्री, गरिबांचे कैवारी. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, त्यांच्यावर फार जीव. त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती म्हणे. त्या वर्षी शूटिंगवाले सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत आले. अमृतरावांच्या सभेत गोंधळ घालायला गर्दी हवी होती. "सगळ्यात मोठा आवाज कुणाचा?" असं विचारल्याबरोबर कोरीटच्या बायकांनी आईंना पुढे ढकललं. साहेब जवळून दिसतील या लोभानं आई उभ्या राहिल्या आणि सांगितलं तसं ओरडल्या, "अमृतराव मुर्दाबाद!"

महिन्याभरानं तो भाग लागला. सगळी गल्ली आमच्या ओसरीवर. आई पडद्यावर दिसल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई ओरडल्या. अमृतरावांनी छातीला हात लावला, खाली बसले आणि गेले!

सासरे सुकलाल म्हणजे चेष्टेखोर माणूस. पटकन म्हणाले, "तूच मारी टाकं त्यासले!" सगळे हसले, आई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणायच्या, "मन्ही वाचा वाईट शे. कोनले लागी जाई."

पुढचं ऐका. अमृतरावांची गंधमुक्ती, म्हणजे दिवसकार्य, झाली, आमच्या अंगणात! रीतसर पत्रिका छापल्या, माणसं दारावर सांत्वनाला येऊन बसली, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली. पाचशे माणसं जेवून गेली आणि मेलंय कोण हे एकानंही विचारलं नाही.

त्या पंगतीतच 'अमृतराव प्रेमी मंडळ' निघालं. अध्यक्ष भाईदासभाऊ, एसटीचे निवृत्त कंडक्टर. दर वर्षी यात्रेत मेळावा घ्यायचा आणि मालिकेनं आपल्याला काय दिलं यावर बोलायचं. दिलं ना, पुष्कळ दिलं! आमच्या ग्रामसभेत पूर्वी पाण्यावरून सरळ भांडणं व्हायची. आता आधी सभात्याग होतो, मग गेलेल्यांना घरोघर जाऊन बोलवावं लागतं, मग भांडणं होतात. लोटननं तर नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच्याकडे पद कुठलंच नव्हतं, म्हणून तो अजून मंजूर झालेला नाही.

यंदा दहावं वर्ष. मंडळानं थेट अमृतरावांचं काम करणाऱ्या नटालाच मेळाव्याला बोलावलं. भाईदासभाऊ घरी येऊन म्हणाले, "वहिनी, त्यासना समोर एकदाव 'जिंदाबाद' म्हना. पाप फिटी जाई."

आई कुजबुजल्या, "अन् परत काही व्हयनं त?"

मीच हट्ट धरला. खोटं कशाला बोलू, त्यांच्या पापाशी मला देणंघेणं नव्हतं. मला तो आवाज हवा होता. आईंनी एकच अट घातली: आधी साहेबांचं ब्लडप्रेशर तपासा. भाईदासभाऊंनी सारंगखेड्यात खरंच डॉक्टर उभा केला. नटाला वाटलं, सत्काराची इथली पद्धतच असेल. त्यानं मुकाट्यानं दंड पुढे केला. प्रेशर चांगलं निघालं. आईंनी ते डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं.

नट बोलायला उभा राहिला. केस काळेभोर, पोट सुटलेलं. हसत हसत म्हणाला, "लोक विचारतात, अमृतराव का मेले? अहो, मीच लेखकाला म्हटलं, मारून टाका मला! हिंदीत मोठं काम मिळालं होतं."

आई बायकांमधून उठल्या. आधी कुजबुजल्याच, "तुम्ही सोता सांगं?" नटाला ऐकू गेलं नाही. तो हसतच होता. आणि मग...

माय वं माय! काय तो आवाज!

"अरे, जावानं व्हतं त सांगीसन जाता! आठे मी दहा वरीस तोंडले कुलूप लाई बठनू! नातूना जावळले गानं म्हनं नही! सूनले एकदाव हाक मारी नही! अन् तू हिंदीमा गया?"

मागे बांधलेले घोडे दावणी तोडायला लागले. नटाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं छातीला हात लावला आणि तो खुर्चीत बसला. अगदी मालिकेत बसला होता तसाच! भाईदासभाऊ पाणी घेऊन धावले, डॉक्टर धावला. लोटननं तेवढ्यात नैतिक जबाबदारी घेतली.

आई मात्र जागच्या हलल्या नाहीत. टक लावून बघत राहिल्या. नट पाणी प्याला, घाम पुसला आणि चाचरत म्हणाला, "माफ करा, मावशी."

आईंनी माझा हात घट्ट धरला. "मरना नही वं तो," त्या म्हणाल्या. कुजबुजून नव्हे, चांगलं मोठ्यानं. येताना गाडीत चार वेळा तेच म्हणाल्या, आणि चारही वेळा मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गॅसवर ठेवून अंगण झाडत होते. दूध उतू गेलं. आतून हाक आली, "चेतनाऽऽ! डोया फुटनात का वं तुन्हा? मायनी हाईच शिकाडं का तुले?"

गल्लीतली दारं पटापट उघडली. ममता धावत आली आणि मला म्हणाली, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस." मी केरसुणी तिच्याच हातात दिली आणि "आले, आई!" असं ओरडत आत धावले.

तिसऱ्या दिवशी मी दूध मुद्दाम उतू घालवलं.