घोड्याची लीद आणि देवळाची घंटा

इंग्रजांच्या घंटा ओतायच्या कारखान्यात तू मराठी माणूस काय करतोस, असं लोक मला विचारायचे. मटेरियल्स इंजिनिअरिंग शिकलो होतो आणि बर्मिंगहॅमच्या आसपास दुसरं काही मिळालं नाही, एवढंच. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. चर्चच्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या, म्हणून मी लंडनच्या पिनर भागातल्या आपल्या मंडळींकडून देवळाच्या घंटेची ऑर्डर आणली. ती पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर राम राम, हे मॅनेजरनं फार गोड शब्दांत सांगितलं होतं.

देवळाचे सेक्रेटरी काका साचा बघायला आले. भारतातून मागवलेली घंटा त्यांना नको होती, अस्सल इंग्लिशच हवी होती. साचा लिंपणारा फोरमन अभिमानानं म्हणाला, "माती, बकरीचे केस आणि घोड्याची लीद. शेकडो वर्षं हेच."

काकांनी मला बाजूला ओढलं. "अरे, देवाच्या घंटेला लीद? ऑर्डर कॅन्सल."

"काका, ती भट्टीत जळून जाते."

"शेण असतं तर गोष्ट वेगळी."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथे व्याह्यानं नुसती लीदच धाडली होती. मी फोरमनला विचारलं, शेण चालेल का? तो लालबुंद झाला. "बाहेरच्यानं आम्हाला शिकवू नये."

त्याच्याच डोक्यावर भिंतीला शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याचा फोटो होता. त्या बाबानं जन्मात घंटा ओतली नव्हती, पण तुमच्या घंटा बेसूर आहेत, एकाच घंटेतले स्वर आपसात भांडतात, असं त्यानं ओतणाऱ्यांना तोंडावर सुनावलं. आधी सगळे हसले. मग गुपचूप त्याचं ऐकून घंटा सुरात लावायला लागले, आणि तो मेल्यावर त्या पद्धतीलाच 'आमची इंग्लिश पद्धत' म्हणू लागले. डच लोकांना ही विद्या कितीतरी आधी येत होती, ते सोडा.

मी फोटोकडे बोट दाखवलं. "हा बाहेरचाच ना?"

"तो आमचा."

"कधीपासून?"

त्यानं हातातली थापी खाली ठेवली. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाला, "आण तुझं शेण. घंटेला तडा गेला तर तू जबाबदार."

पुण्यात आम्ही फ्लॅटवाले, सारवणं कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. शेणात पहिल्यांदा हात घातला तो इंग्लंडात. एका डेअरीवाल्याकडून बादल्या भरून आणल्या, तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. मग धातू ओतला. साचा फोडल्यावर फोरमननं घंटेवर टोला दिला, कान लावला आणि म्हणाला, "नॉट बॅड." इंग्रज याहून जास्त कौतुक करत नाही. नोकरी पक्की झाली आणि काका पिनरभर 'मेड इन इंग्लंड' सांगत फिरले.

पुढच्या उन्हाळ्यात कारखाना बघायला पाहुणे आले. मी मागे उभा होतो. फोरमन म्हणाला, "माती, बकरीचे केस आणि गाईचं शेण. शेकडो वर्षं हेच."

मला भयंकर राग आला. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "शेणाचं कोणी शोधून काढलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आमच्यातल्याच एकानं."

पाद्र्याला 'आमचा' व्हायला मरावं लागलं होतं. माझं शेणावर भागलं.