नव्या बॅटऱ्या

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका कॉलेजात एकनाथ बोकारे इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळत. नागपूरच्या पॉलिटेक्निकात पंधरा वर्षं काढून आलेला माणूस. विद्यार्थ्याच्या सर्किटला आपण हात लावायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. कोणी अडलं, की नुसतं विचारायचे, "आधी काय बदललंस ते आठव."

२००४च्या मे महिन्यातल्या त्या सकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. विभागप्रमुख हॉलिस मॅडमनी बजावून ठेवलं होतं: आजच्या चाचणीत मुलांनी बनवलेल्या पाचपैकी तीन रोबॉट जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपोआप शेवटपर्यंत गेले तर लॅब राहील, नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळं कॉम्प्युटरवर. परीक्षेला नवं पेन द्यावं तशा मायेनं एकनाथांनी पाचही रोबॉटमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या.

प्रत्येकाला दोनच खेपा होत्या. पहिले दोन कसेबसे पोचले. पुढचे दोन पहिल्याच वळणावर पट्टी सोडून भिंतीवर आदळले. दुसऱ्या खेपेतही दोघांचं तेच. तेव्हा एकनाथांच्या लक्षात आलं. महिनाभर मुलांनी उतरलेल्या बॅटऱ्यांवर वेग जुळवला होता. नव्या घातल्यावर गाड्या उधळणार नाहीत तर काय!

उरली इला, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीची मुलगी. तिचाही रोबॉट वळणावरून सुटला. आता एकच खेप, आणि पाच मिनिटं.

"काका, काल परफेक्ट होता! मी काहीच चेंज नाही केलं, आय स्वेअर!"

एकनाथांनी मॅडमकडे पाहिलं. गप्प राहिलं तर लॅब जाणार; बोललं तर कदाचित नोकरी.

"तू नाही गं, मी केलं," ते म्हणाले. मग मॅडमना इंग्रजीत सांगितलं, "बॅटऱ्या मी बदलल्या. ते दोन रोबॉटही माझ्यामुळेच आपटले."

मॅडमचं पेन थांबलं. "वेळ चालू आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

"ओ माय गॉड, काका!" म्हणत इलानं लॅपटॉप ओढला. वेग कमी केला. चाकं हलेनात, मोटर नुसतीच गुरगुरली. थोडा वाढवला. मिनिट उरलं तेव्हा रोबॉट पट्टीवर ठेवला.

वळणावर एक चाक बाहेर गेलं. रोबॉट थरथरला, परत पट्टीवर आला, आणि टोकाला जाऊन थांबला.

"तीन," मॅडम म्हणाल्या. "लॅब राहील. त्या दोघांना उद्या पुन्हा संधी. आणि तुम्हाला लेखी समज मिळेल, मिस्टर बोकारे."

"आजच द्या," एकनाथ म्हणाले. "उद्या मला पुढच्या बॅचच्या पार्ट्सची यादी करायचीय."